दोन अंड्यांचा एक ताल

रामनवमीच्या उत्सवात ऋत्विक म्हात्रेचा सत्कार करायचा, असं देवळाच्या मंडळानं ठरवलं, तेव्हा सुचिता सुकटीच्या जुन्या खोपटात बसून सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसत होती. बातमी घेऊन आला तो निकेश, तिचा धाकटा भाऊ. दारातच घुटमळला.

"ताई, एक सांगू? चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे. सांग."

"तुझा तो ऋत्विक येतोय. शाल, श्रीफळ, सगळं. त्याच्या कानिटकर मॅडमपण मांडव्याच्या बोटीनं येणार. मांडवात एलईडी स्क्रीन लावायचाय. तो गावाला पिक्चर दाखवणार म्हणे. अंड्यांचा."

"अंड्यांचा," सुचिता म्हणाली. भिंग तिनं फडक्यात गुंडाळून इतकं हळू ठेवलं, की निकेशला भीतीच वाटली. ताई आरडाओरडा करते तेव्हा काही नसतं. ती हळू झाली की समजावं.

पिक्चर तिचा होता. सुचिता नाखवा ही रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून भौतिकशास्त्र शिकून मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेलेली पहिली मुलगी. तिथं तिचा विषय एका ओळीत सांगण्यासारखा होता: अंड्यात मासा घडतो कसा? सुरुवातीला नुसता पेशींचा गोळा असतो. त्यात मुकादम नाही, शिट्टी वाजवणारा नाही. तरी डोक्याच्या पेशी डोक्याकडे जातात, शेपटीच्या शेपटीकडे, आणि वाटेत कुणी कुणाला चिरडत नाही. रसायनांचे निरोप असतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुचिताला ठाऊक करून घ्यायची होती ती ओढाताण. शेजारीण ओढते म्हणून ही सरकते. दाटी झाली की पेशी एकमेकींत अडकून घट्ट होतात, सैल पडल्या की पाण्यासारख्या वाहतात. हा ताण, हा दाब मोजायचा आणि त्यावरून मासा समजून घ्यायचा. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा मासा त्यासाठी फार सोयीचा. त्याची अंडी काचेसारखी आरपार असतात आणि एका दिवसात आत मासा वळवळायला लागतो.

अशाच एका फिल्ममध्ये तिला ताल दिसला. अंड्यातल्या सगळ्या पेशी एकदम लगबग करत, मग एकदम मंद होत, पुन्हा लगबग. तिनं ती फिल्म पहिल्यांदा दाखवली ऋत्विकला. तो चौलच्या पलीकडच्या गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. दोघं शनिवारी एकाच बोटीनं घरी यायची, मांडव्याला उतरून एकाच रिक्षात बसायची. गणितात तो तिच्यापेक्षा सरस होता. "बघ ना," ती बोटीवरच म्हणाली होती, "कीर्तनात लोक टाळ्या वाजवतात तशा ह्या वाजवतायत. कुणी सांगत नाही, शेजारच्याचं ऐकून शेजारचा." ऋत्विकनं फिल्म मागून घेतली, समीकरणं मांडायला.

त्याच महिन्यात तिचे वडील, अंबाजी नाखवा, होडीवरच लुळे पडले. सुचिता घरी आली. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं ह्यात महिने कुठं गेले तिलाच कळलं नाही. ते गेले, तेरावं झालं, आणि ती संस्थेत परतली, तर तिच्या टेबलावर दुसऱ्याचं सामान. ऋत्विकनं संस्थेच्या प्रमुख कानिटकर मॅडमना सांगून टाकलं होतं, की सुचिता आता येत नाही, तिनं गावीच राहायचं ठरवलंय. आणि 'पेशींचा ताल' ह्या नावानं निबंध छापून आला होता, जगभर गाजत होता. वर नाव ऋत्विकचं. शेवटी, जिथं यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे आभार मानतात तिथं, 'फिल्म घेण्यास मदत: सु. नाखवा'.

ती भांडली का? नाही भांडली. अलिबागच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. पगारातून जुना सूक्ष्मदर्शक घेतला, सुकटीचं रिकामं खोपट धुऊन काढलं, प्लास्टिकच्या टबांत मासे पाळले, आणि आपल्याकडे उरलेली मूळ फिल्म पुन्हा पाहत बसली. तेव्हा तिला ते दिसलं. मूळ फिल्मच्या उजव्या कोपऱ्यात दुसरं अंडं होतं. वेगळ्या बशीतलं. ऋत्विकनं छापताना तो कोपरा कापला होता. त्या दुसऱ्या अंड्याकडे सुचिता बघत राहिली, आणि बघता बघता हसायला लागली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती.

ताल खोटा होता.

ऋत्विकचा सगळा डोलारा ज्या खांबावर उभा होता तो खांबच नव्हता. एक पत्र लिहिलं असतं तर तो तेव्हाच पडला असता. सुचितानं पत्र लिहिलं नाही. एवढ्यात कशाला, तिनं मनाशी म्हटलं. आत्ता पडला तर गुडघा खरचटेल. त्याला मोठं बक्षीस मिळालं, ती थांबली. त्याला प्राध्यापक केलं, ती थांबली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, तिनं तो कापून खोपटाच्या कुडाला टाचला आणि रोज सकाळी टबातलं पाणी बदलताना त्याच्याकडे बघितलं. देवाला हात जोडावेत तशा नेमानं.

आणि आता तो आपल्या पायांनी तिच्या गावात, तिच्या देवळात येत होता.

नीराबाई आत्या ओट्यावर कोळंबी सोलत होती. कीर्तनाची आवड असलेल्या कुणालाही रेवदंड्यात विचारा, नीराबाईचं नाव निघेल. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची आणि संध्याकाळी झांज हातात घेऊन नारदाच्या गादीवर उभी राहायची, असं तिनं उभं आयुष्य काढलं. ऐकून ऐकून शिकलेली. पण ती गादीवर उभी राहिली की पुढं बसलेला नारळाचा व्यापारीसुद्धा मांडी मोडून नीट बसे. भाचीलाही तिनं सगळं शिकवलं होतं.

"आत्या, ह्या नवमीला उत्तररंग मी करते."

नीराबाईचा हात थांबला. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मध्ये बुक्का नि हार, मग उत्तररंगात आख्यान, असं कीर्तन. "उत्तररंग तू कर" म्हणून आत्या किती वर्षं मागं लागली होती, आणि सुचिता टाळत आली होती.

"आज कुठून सुचलं गो?"

"सुचलं."

"तो म्हात्र्यांचा पोरगा पुढं बसनार हाय म्हनून?"

सुचिता कोळंबीच्या साली गोळा करायला लागली.

"बाय माझे, त्या गादीवर उभं राहून कोनाचा सूड घ्यायचा न्हाय."

"सूड कसला? खरं बोलायचंय."

"खरं बोलायला येवढे दात आवळावे लागत न्हाय." नीराबाईनं चाकू खाली ठेवला. "ऐक. तिथं उभं राहून खोटं बोललं की गळा बसतो, येवढं मानतो आपन. आनि आपल्या देवळातली रीत तुला ठावी हाय. आरतीआधी कोनीबी उठून एक शंका विचारू शकतो. तिचं उत्तर टाळता येत न्हाय. राजाला न्हाय, माला न्हाय, तुला न्हाय."

"मला कसली भीती? शंकेला तोंड त्याला द्यायचंय."

"व्हय? मग उभी राहा," आत्या म्हणाली. तिला आनंद झाला होता आणि धास्तीही वाटत होती, आणि दोन्ही तिच्या एकाच चेहऱ्यावर मावत नव्हती. "झांज जरा सैल धर. मुठीत आवळतेस."

नवमीला जन्माचा पाळणा दुपारी झाला, आणि कीर्तन ऊन कलल्यावर होतं. मांडव देवळापासून थेट पुळणीपर्यंत. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष, मध्ये वाट, आणि पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या. पलीकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, आणि वारा फिरला की अत्तर लावून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावत. ऋत्विकनं लावला नाही. तो इथलाच. पांढरा कुडता, गळ्यात उपरणं, आईला हाताला धरून आणलेलं. सुचिताला बघताच तो पुढं आला.

"अगं सुचिता! किती वाळलीस! आई कायम विचारते, तुझी ती कोळीवाड्यातली मैत्रीण कुठंय."

"मी कुठं जाणार? इथंच आहे. तूच सांगितलंस ना सगळ्यांना."

तो हसला. त्याला ते लागलं की नाही, कळलं नाही. "ही रुचिका. माझी विद्यार्थिनी. तिचं डॉक्टरेटचं सगळं काम आपल्या तालावर आहे. अजून एक वर्ष, की झालं."

'आपल्या'. सुचिताच्या कानशिलात ठोका पडला.

रुचिका चष्मा लावणारी, सरळ बघणारी मुलगी होती. "मॅडम, तुमचं नाव मी वाचलंय," ती उत्साहानं म्हणाली. "निबंधाच्या शेवटी. इतकी स्वच्छ फिल्म मी कुणाची पाहिली नाही. मला तुम्हाला भेटायचंच होतं."

सुचितानं तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष ऋत्विकच्या उपरण्याकडे होतं.

सत्कार झाला. शाल पडली, नारळ दिला, कानिटकर मॅडमनी इंग्रजीमिश्रित मराठीत चार शब्द सांगितले. मग स्क्रीन उजळला. ऋत्विक छान बोलत असे, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. "आपल्या गावातल्या कीर्तनात कसं," तो म्हणाला, "कुणी सांगत नाही, शेजारच्याचं ऐकून शेजारचा टाळी वाजवतो. तशाच ह्या पेशी."

बोटीवरचं तिचं वाक्य. शब्दसुद्धा बदलले नव्हते. बायांमध्ये बसलेल्या सुचितानं पदराचं टोक बोटाला इतकं पिळलं, की बोट पांढरं पडलं. लोकांनी मात्र खूश होऊन टाळ्या वाजवल्या. निकेश स्क्रीनच्या कॉम्प्युटरपाशी बसला होता. त्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली. अजून नाही.

नीराबाईचा पूर्वरंग रंगला. आवाज वयानं जरा चिरकला, पण शब्द असा टाके की तो थेट छातीत उतरे. मध्ये गजर झाला, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला, नीराबाईच्या गळ्यात हार पडला. तो तिनं काढून भाचीच्या गळ्यात घातला, आणि सुचिता गादीवर उभी राहिली. ती उभी राहताच ऋत्विकच्या आईनं हात जोडले. ऋत्विकनंही जोडले. त्या जागी उभ्या असलेल्याला वयानं मोठासुद्धा वाकतो, अशी रीत.

आख्यान तिनं सेतूचं घेतलं. वानर दगड कसे आणत, ह्याच्या दगडाला त्याचा खांदा कसा लागे, मागचा पुढच्याला "अरे चल की, मगाचपासून केळंच खातोयस" कसं म्हणे, हे तिनं असं रंगवलं की पोरं लोळून हसली. पेटीवाल्यालाही हसू आवरेना. तिचा आवाज चांगला लागला होता.

"पण मंडळी, तिथं नळ होता. कुठला दगड कुठं, हे सांगणारा. अंड्यात नळ कोण? आमचे ऋत्विकराव म्हणतात, कुणी नाही. पेशी एकमेकींचं ऐकतात आणि ताल धरतात. देवाची करणीच ती. मला एकदा बघू द्या." ती वळली. "निकेश, लाव रे."

स्क्रीनवर मूळ फिल्म आली. न कापलेली. एक अंडं मधोमध, आणि उजव्या कोपऱ्यात दुसरं. ऋत्विकच्या कपाळावर आठी पडली, पण तो हसतच होता. कानिटकर मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"बायांनो, तुम्ही ह्या मधल्या अंड्याकडे बघा. त्याच्या पेशींची लगबग झाली की एक टाळी. बाप्यांनो, तुम्ही कोपऱ्यातल्याकडे बघायचं. त्याची लगबग झाली की टाळी. दुसरीकडे बघायचं नाही. कोळणींनो, तुम्हाला सांगते, नवऱ्याकडे तर मुळीच नाही!"

हशा झाला. मग सगळे स्क्रीनकडे वळले. फिल्म भरभर पुढं सरकत होती. बायांची टाळी पडली. त्याच क्षणी पुरुषांची पडली. लोक चकित होऊन एकमेकांकडे बघायला लागले. पुन्हा बायांची, आणि त्यातच पुरुषांची. पुन्हा. पोरांना मजा वाटायला लागली. तबलजी विनेशनं सवयीनं ठेका धरला, तो सुचितानं हात वर करून थांबवला.

"मंडळी, हे अंडं एका बशीत. ते अंडं दुसऱ्या बशीत. मध्ये काच आहे. ना ओळख, ना देख. ह्या पेशींनी त्या पेशींचं ऐकायचं कसं? मग दोघांचा ताल एक कसा?" तिनं झांजेचा एकच ठोका दिला. "बायांना आणि बाप्यांना एकाच वेळी टाळी वाजवायला लावतो तो कोण? तबला! तबला बाहेर आहे, मंडळी. मग प्रयोगशाळेत तबला कोण वाजवत होतं?"

तिनं सावकाश नजर फिरवली आणि ऋत्विकवर थांबवली.

"खोलीतला एसी. खोली गार झाली की तो बंद, तापली की चालू. दोन्ही बश्यांतलं पाणी जरासं निवे, जरासं कोमट होई. ऊब लागली की पेशी झरझर, गार लागलं की मंद. हाच तो ताल! माझ्या खोपटात एसी नाही. तिथं मी किती अंडी बघितली ते देव जाणे. ताल एकातही सापडला नाही. ज्या तालावर शाली मिळाल्या, फोटो छापले, तो यंत्राचा ताल आहे. आणि ही फिल्म माझी आहे. समीकरणं मांडायला म्हणून मागून नेलेली, आणि मी बापाचं अंग पुसत होते तेव्हा परस्पर उचललेली. उचलणाऱ्याला एवढंही कळलं नाही, की त्यानं काय उचललं!"

शेवटचं वाक्य तिनं कीर्तनाच्या सुरात म्हटलं नाही. ते कोळीवाड्यातल्या भांडणाच्या सुरात निघालं. आणि काय सांगावं, ते म्हणताना तिला इतकं गोड वाटलं, की उपास सोडतानाचा पहिला घासही तितका गोड लागत नाही.

मांडवात कुजबूज उठली. कानिटकर मॅडम उभ्या राहिल्या, स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या, कोपऱ्यातल्या अंड्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

सुचिता ऋत्विकचा चेहरा बघत होती. ह्या चेहऱ्यासाठी ती इतके दिवस जगली होती. तिची खात्री होती, की त्यानं तो कोपरा जाणून-बुजून कापला. चोराचा चेहरा कसा पडतो ते तिला बघायचं होतं. पण ऋत्विक स्क्रीनकडे असा बघत होता, की ज्याला आत्ताच, ह्या क्षणी, पहिल्यांदा कळतंय. ओठ हलत होते. तो मनात हिशेब मांडत होता आणि हिशेब जुळत नव्हता. कोपरा त्यानं चित्र नेटकं दिसावं म्हणून कापला होता. बास. चोर होता तो, पण खोटारडा नव्हता. निदान ह्या बाबतीत नाही.

त्याची आई त्याचा कुडता ओढत विचारत होती, "काय म्हनते रं ती? काय म्हनते?"

आरतीचं तबक आलं. नीराबाईनं रीतीप्रमाणं विचारलं, "कोनाची शंका?"

"माझी," ऋत्विक म्हणाला. तो उठला. आवाज कापत होता, पण डोकं त्याचं चालत होतं, नेहमीसारखंच. "सुचिता, तू गादीवर आहेस. मी इथलाच आहे, मला रीत माहीत आहे. तुला हे कधी कळलं?"

सुचिताचा हात झांजेवर आवळला गेला.

'आत्ताच' म्हणता आलं असतं. 'गेल्या महिन्यात' म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या तिच्याकडे बघत नव्हती. आत्या रामरायाकडे तोंड करून उभी होती, डोळे मिटून, हात जोडून, जणू तिचंच कुणी नावेत बसून खाडीच्या तोंडातून बाहेर निघालंय.

"बाबा गेले त्या वर्षी," सुचिता म्हणाली.

"म्हणजे तीन वर्षं."

"हो."

"आणि तू गप्प राहिलीस. का?"

"एकच शंका हाय रीतीत," नीराबाई म्हणाली.

"राहू दे आत्या." सुचितानं मान वर केली. "तू आणखी वर जावंस म्हणून. तिथून पडलास की मला आवाज ऐकू यावा म्हणून."

मग पाहुण्यांच्या मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रुचिका उठली होती. तिनं पिशवी खांद्याला लावली, चपला हातात घेतल्या आणि कुणाकडेही न बघता वाळूतून निघून गेली. तेव्हा कुठं सुचितानं तिला पहिल्यांदा पाहिलं. पाठमोरी.

आरती झाली. सुचितानंच म्हटली, खणखणीत. गळा बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानिटकर मॅडमचा फोन आला. कोरडा, नेमका. निबंध मागं घ्यावा लागेल, चौकशी होईल, ऋत्विक तूर्त रजेवर. मूळ फिल्म कुणाची, ते लेखी जाहीर करू. मग मॅडम म्हणाल्या, "तुझं नाव तुला परत मिळेल, सुचिता. पण माझ्या संस्थेत मी तुला परत बोलावीन की नाही, ते मला आज सांगता येत नाही. तीन वर्षं आम्ही सगळे त्या तालावर चालत होतो, आणि तू किनाऱ्यावर बसून बघत होतीस."

"बरोबर आहे मॅडम," सुचिता म्हणाली. तिनं माफी मागितली नाही. मागावीशी वाटली नाही, हे खरं. ऋत्विकचा तो चेहरा आठवला, की अजूनही तिच्या पोटात ऊब यायची. कुडावरचा फोटो तिनं काढला, चुरगळला आणि चुलीत घातला. तो जळून राख होईपर्यंत उभी राहून बघितला.

दाराशी रिक्षा थांबली. रुचिका उतरली. डोळे सुजलेले, केस तसेच. मांडव्याची बोट तिनं जाऊ दिली होती.

"ये," सुचिता म्हणाली. "चहा?"

"नको." तिनं खोपटावर नजर फिरवली. टब, सूक्ष्मदर्शक, वायरींचं जाळं. "मी तुमच्याकडे शिकायला आलेले नाही."

"मग?"

"माझ्या तीन वर्षांत मी चारशे अंड्यांचे ताण मोजले. प्रत्येक वेळी तुमचा ताल धरून. तुम्हाला माहीत होतं, असं कुणीतरी करत असेल."

"ऋत्विक करत असेल, एवढंच मी म्हणत होते."

"त्यांच्या हाताखाली माणसं असतात, मॅडम. ती काय झाडं आहेत?"

सुचितानं टबातल्या माशांकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"तुला सरांवर राग नाही?"

"त्यांच्यावर आहेच. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला होतं." रुचिकानं चष्मा काढून ओढणीनं पुसला. "तुम्ही काल म्हणालात, इथं ताल सापडत नाही. मग काय सापडतं?"

"कुरबुर," सुचिता म्हणाली. आणि विषय निघाला म्हटल्यावर तिला राहवेना, आवाजात जीव आला. "एक ताल असा नसतोच. शेजारीण शेजारणीला ओढते, ती तिसरीला. ओढ चार-पाच घरं जाते आणि विरते. मग दुसरीकडून येते. शेपटीकडं पेशी सैल, वाहत्या. मानेकडं घट्ट, अडकलेल्या. मधल्या हद्दीवर सगळी भानगड आहे, तिथंच मासा लांबतो. कुणी नळ नाही, कुणी तबला नाही. मी लिहून काढतेय."

"छापणार?"

"ह्या वर्षी."

"तुमच्या नावानं."

"माझ्या नावानं."

रुचिका मान हलवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आता रडू नव्हतं. जे होतं ते सुचितानं ओळखलं. रोज सकाळी टबातलं पाणी बदलताना पाण्यात तिला तेच दिसत आलं होतं.

"आधी मला सगळ्या फिल्म द्या," रुचिका म्हणाली. "एकूण एक. बाहेर बर्फ फोडायचं यंत्र चालतं, त्याचा धक्का ह्या टेबलाला लागतो. पत्र्यावर ऊन येतं. भरती-ओहोटीनं खालची वाळू भिजते. ह्यातलं काय काय तुमच्या पेशींत शिरलंय, ते मी शोधणार. मी तुमची एकही चूक सोडणार नाही. आणि सापडलं की त्याच दिवशी सांगीन. तीन वर्षं थांबणार नाही."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडेल."

सुचिताला हसू आलं, आणि भीतीही वाटली. खरीखुरी. त्या यंत्राच्या धक्क्याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

तिनं फळीवरून फिल्मांचा डबा काढून टेबलावर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली आज पहाटेची अंडी सरकवली, आणि बसायला स्टूल पुढं केलं.

रुचिकानं स्टूल पायानं बाजूला सारलं आणि उभ्यानंच भिंगाला डोळा लावला.